नव्या टीव्हीचे चित्र नीट कसे लावावे



लागणीच्या नोंदी घेत फिरताना गेल्या महिन्यात एका सभासदांच्या घरी चहाला थांबलो. ऊसबिलातून त्यांनी ४३ इंची नवा टीव्ही घेतलेला, आणि आता तो परत न्यायचा म्हणून खोके शोधत होते. म्हणाले, "साहेब, फसवलं बघा. दुकानात कसा झळाळत होता! घरात माणसांची तोंडं शेंदूर फासल्यागत दिसतात. आई तर डोळे दुखतात म्हणून समोर बसतच नाही."

सेटमध्ये दोष नव्हता. दुकानाच्या लखलखाटात दहा सेट शेजारी-शेजारी असतात, त्यात उठून दिसावा म्हणून त्याला जादा उजेड आणि जादा रंग दिलेला असतो. युरिया जास्त झालेला ऊस बांधावरून हिरवागार दिसतो, पण उतारा पडतो, तशातलीच ही गत.

प्रथम सेटिंगमध्ये 'स्टोअर' मोड असल्यास तो 'होम' करावा. मूळचे आकडे वहीत टिपून ठेवावेत. मग 'पिक्चर मोड'मध्ये जाऊन 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' काढावे व 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' यांपैकी जे असेल ते लावावे. निम्मे काम इथेच होते. चित्र एकदम पिवळसर, मळकट वाटेल. घाबरू नये, दोन-तीन दिवस दम धरावा, डोळे सरावतात. चित्रपट तयार करणारे ज्या पांढऱ्याला प्रमाण मानतात तो ६५०० केल्व्हिनचा, आणि 'कलर टेंपरेचर'मधले 'वॉर्म' सहसा त्याच्या जवळ जाते. 'कूल'मध्ये निळी झाक येते. खात्री करायची तर 'जगाच्या पाठीवर' (१९६०) सारखा कृष्णधवल चित्रपट लावा. त्यात निळे काही दिसता कामा नये.

आता घोळ होतो तो 'ब्राइटनेस'चा. पुष्कळ सेटमध्ये उजेड कमी-जास्त करणारे बटण 'बॅकलाइट' असते, आणि 'ब्राइटनेस' काळा रंग किती काळा हे ठरवते. (काही कंपन्यांनी नावे उलटसुलट केली आहेत, त्याला आपण काय करणार!) रात्रीच्या प्रसंगात काळ्या घोंगडीच्या घड्या दिसल्या पाहिजेत. सगळे राखाडी झाले तर ब्राइटनेस जास्त, घड्याच बुडाल्या तर कमी. तसेच पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या नाहीशा झाल्या तर 'कॉन्ट्रास्ट' उतरवावा. बॅकलाइट खोलीच्या उजेडाप्रमाणे ठेवावा, दिवसा थोडा वर, रात्री खाली. त्याने वीजही वाचते.

'शार्पनेस' वाढवला की चित्र स्वच्छ होते, हा गैरसमज आहे. सेट फक्त कडेला खोटी रेघ ओढतो. अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाईपर्यंत तो कमी करत जावा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. काही सेट मधली चित्रे स्वतःच बनवून भरतात, मग चांगला सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. 'मोशन' हा शब्द असलेले ते कलम चित्रपटासाठी बंद करावे. कुस्ती-क्रिकेटला थोडे चालेल.

एवढे करूनही काही चॅनेल धूसर दिसतील. साध्या एसडी चॅनेलचे चित्र ५७६ ओळींचे, फोर-केचा पडदा २१६० ओळींचा. ताणल्यावर फाटणारच. ४३ इंची पडदा जेमतेम पावणेदोन फूट उंच असतो. एचडी चित्र उंचीच्या तिप्पट, म्हणजे सव्वापाच फुटांवरून, आणि एसडी सहापट, म्हणजे साडेदहा फुटांवरून बघावे असा ठोकताळा आहे. जुन्या चित्रपटातली माणसे आडवी फुगलेली दिसली तर चित्राचा आकार '४:३' करावा. बाजूला काळे पट्टे राहतील, ते राहू द्यावेत.

त्या घरी हे सगळे करायला अर्धा तास लागला. त्यांच्याच फडातल्या पानाचा फोटो मी आधी पडद्यावर दाखवला होता, तेव्हा "हिरवं तर आहे, साहेब" म्हणून त्यांनी उडवून लावले होते. आता तोच फोटो पुन्हा लावला. हिरव्या शिरांमधला पिवळा केवडा लगेच ओळखला त्यांनी. मग आम्ही दोघे फडात जाऊन पाने बघून आलो आणि फेरस सल्फेटच्या फवारणीचे ठरले. परतलो तेव्हा आई पडद्यासमोर बसल्या होत्या. त्यांच्यासाठी बॅकलाइट आणखी दोन घरे खाली घेतला.