एसी लावला की इंजिन का दबतं?

आज आपण कारण म्हणजे काय, हे एका गाडीवरून पाहू. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर, वाहनांच्या रांगेत, आमची जुनी गाडी एसी चालू असताना बंद पडली. स्टिअरिंग जड, ब्रेक कडक, मागे ट्रक. हँडब्रेकनं वाचलो. मागच्या सीटवर नातवंडं होती.

गॅरेजमध्ये सांगितलं, कॉम्प्रेसर बदला. युक्तिवाद सरळ होता. एसी लावला की इंजिन दबतं, बंद केला की सुरळीत चालतं. अन्वय आहे, व्यतिरेकही आहे. मग कारण एसीच, नाही का?

थांबा. नैयायिक सांगतात, धूर तिथं अग्नी हे खरं. पण अग्नी तिथं धूर, हे खरं नाही. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. अशा लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. मग आमच्या गाडीतलं ओलं सरपण कोणतं?

कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे घेतं. तेव्हा त्याची ताकद बेताचीच. एसीचा क्लच लागला की ओझं पडतं. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर लगेच हवा आणि इंधन वाढवून फेरे सावरतो. पण थ्रॉटल बॉडीत आणि आयडल व्हॉल्व्हमध्ये काजळी साचली असेल, तर जादा हवा येणार कुठून?

आम्ही परीक्षा घेतली. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एसी बंद. हेडलाइट लावले, पॉवर स्टिअरिंग पुरतं वळवलं. इंजिन तरीही दबलं! म्हणजे दोष ओझ्याचा नव्हे, ओझं पेलण्याचा. थ्रॉटल बॉडी आणि व्हॉल्व्ह साफ केले, काम झालं. कॉम्प्रेसर अजून तोच आहे.

उलट, इतर ओझी नीट पेलून इंजिन फक्त एसीलाच दबत असेल, तर संशय एसीवर घ्यावा. कंडेन्सरचा पंखा फिरतो का? गॅस जास्त भरलाय का? दोन्हींमुळे दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर जड होतो. कधी तो स्वतःच जाम होत आलेला असतो. पण हे तपासल्यावर म्हणायचं, आधी नाही.

आणि नुसता आयडलचा स्क्रू पिळून फेरे वाढवू नका. त्यानं लक्षण झाकतं, कारण तसंच राहतं. आणि ते पुन्हा एखाद्या घाटातच भेटतं.

इथंच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.