दुकान उघडले, भरवसा मात्र नाही
संक्रमणशील अर्थव्यवस्थांत छोटे व्यावसायिक कोठे अडतात?

मॉस्कोत भुयारी रेल्वेस्थानकांच्या परिसरात उभी असलेली सुमारे शंभर दुकाने ८ फेब्रुवारी २०१६च्या रात्री महापालिकेने जमीनदोस्त केली. अनेक दुकानदारांकडे मालकीची नोंदणीकृत कागदपत्रे होती. ती गैरमार्गाने मिळविलेली असल्याचे सांगत महापौर सर्गेई सोब्यानिन यांनी कारवाईचे समर्थन केले. सोव्हिएत संघाच्या विघटनाला पाव शतक होत आले असतानाही सरकारदरबारी नोंद झालेल्या कागदाचा भरवसा धरता येत नव्हता. सरकारनियंत्रित व्यवस्थेकडून बाजारपेठेकडे निघालेल्या देशांतील छोट्या व्यावसायिकांचे दुखणे नेमके हेच आहे.

बाजार खुला, भांडवल गायब

व्यापारावरील बंधने उठविणे हे तुलनेने सोपे काम होते. पोलंडमध्ये १ जानेवारी १९८९पासून लागू झालेल्या कायद्याने मोजकी क्षेत्रे वगळता कोणालाही उद्योग सुरू करण्याची मुभा दिली. रशियात अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी २९ जानेवारी १९९२ रोजी व्यापारस्वातंत्र्याचा हुकूम काढला आणि शहरांचे पदपथ विक्रेत्यांनी फुलून गेले. मात्र त्याच महिन्यात किमतींवरील नियंत्रण उठल्याने महागाई भडकली. वर्षअखेर तिचा दर अडीच हजार टक्क्यांच्या घरात गेला आणि सामान्यांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. दुकानाच्या जागा बहुधा सरकारी मालकीच्या असल्याने बँकेकडे तारण ठेवण्यासारखेही काही नव्हते.

मॉस्को आणि वॉर्सा

तथापि, महागाईचा आगडोंब पोलंडनेही सोसला होता. मग तेथील दुकानदार लवकर का सावरला? टिमथी फ्राय व आंद्रेई श्लायफर या अभ्यासकांनी १९९६ मध्ये दोन्ही राजधान्यांतील छोट्या दुकानांची पाहणी केली. तीत नोंदणीसाठी वॉर्सात सुमारे तीन आठवडे, तर मॉस्कोत जवळपास तीन महिने लागत असल्याचे आढळले. मॉस्कोतील दुकानाची वर्षाला सरासरी अठराहून अधिक वेळा तपासणी होई. वॉर्सात हे प्रमाण निम्मे होते. 'इन्स्पेक्टर राज' हा शब्द भारतीय वाचकाला नवा नाही. मॉस्कोत त्याच्या जोडीला खंडणीखोरही होते. मागील सहा महिन्यांत खंडणीखोरांशी गाठ पडल्याचे तेथील ३९ टक्के दुकानदारांनी सांगितले. वॉर्सात असे सांगणारे केवळ ८ टक्के होते.

या संरक्षणाला रशियात 'क्रिशा', म्हणजे छप्पर, असे नाव पडले. न्यायालयातून थकबाकी वसूल होण्याची खात्री नसल्याने व्यापारी अशा छपराखाली जात. पुढे गुंडांची जागा अनेक ठिकाणी सुरक्षा यंत्रणांतील आजी-माजी अधिकाऱ्यांनी घेतली.

पैसा की विश्वास?

छोट्या उद्योगांना कर्ज मिळाले की ते वाढतील, असा सर्वसाधारण समज आहे. सायमन जॉन्सन, जॉन मॅकमिलन आणि ख्रिस्तोफर वुड्रफ यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याला छेद दिला. पोलंड, स्लोव्हाकिया, रुमानिया, रशिया व युक्रेन या पाच देशांतील उद्योजकांच्या पाहणीवर तो आधारलेला होता. मालमत्ता सुरक्षित वाटत नसेल, तर उद्योजक हाती आलेला नफाही धंद्यात पुन्हा गुंतवत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वाढलेला धंदा डोळ्यांत भरतो, त्यापेक्षा लहान राहिलेले बरे, हा त्यामागील व्यवहारी हिशेब होय.

कायदे झाले, पण...

रशियाने सुधारणा केल्याच नाहीत, असे नव्हे. २००१च्या कायद्याने एका यंत्रणेला दोन वर्षांतून एकदाच नियोजित तपासणीची परवानगी दिली. २००३ पासून छोट्या उद्योगांना उलाढालीवर ६ टक्के किंवा नफ्यावर १५ टक्के असा सुटसुटीत कराचा पर्याय मिळाला. नोंदणी आणि कर यांतील अडचणी यामुळे कमी झाल्या. परंतु एका रात्रीत दुकान जाणार नाही, ही हमी कोणत्याही करसवलतीतून मिळत नाही. ती स्वतंत्र न्यायालये आणि नागरिकांना उत्तरदायी असलेले स्थानिक प्रशासनच देऊ शकते. २०१६च्या त्या रात्री मॉस्कोतील दुकानदारांना उणीव भासली ती याचीच.