अर्थसल्लागार : त्याचें ज्ञान आणि त्याचा मेहनताना

घरांत कोणी आजारी पडलें कीं वैद्याची पदवी, त्याचा हातगुण आणि लौकिक यांची चौकशी केल्यावांचून त्याचें औषध कोणी घेत नाहीं. पण जन्मभर पोटाला चिमटा घेऊन सांठविलेली पुंजी ज्याच्या शब्दावर गुंतवावयाची, त्याचा अधिकार काय आणि त्याला पैसे कोण देतो, हे प्रश्न सुशिक्षित घरांतूनही क्वचितच विचारले जातात. अर्थनियोजन हा आतां एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याचें स्वरूप समजून घेणें प्रत्येक कुटुंबाला अगत्याचें आहे.

मागल्या पिढीला अशा सल्लागाराची गरज फारशी भासत नसे. थोडें सोनें, पोस्टांतील बचत, विम्याची एखादी पॉलिसी आणि सरकारी नोकरी असल्यास पेन्शन, एवढ्यांत संसाराचा हिशेब बसे. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेंत नव्यानें दाखल होणाऱ्यांना, सेनादलें वगळून, ठराविक पेन्शनीऐवजीं वर्गणीवर चालणारी योजना लागू झाली. खाजगी नोकरांपैकीं बहुतेकांना तशी हमी पूर्वींही नव्हतीच. म्हातारपणीं महागाई किती वाढलेली असेल आणि हातीं किती रक्कम लागेल, याचा अंदाज बांधण्याचें ओझें अशा रीतीनें एकेका कुटुंबाच्या शिरावर येऊन पडलें.

खऱ्या अर्थनियोजकाचें काम येथें सुरू होतें. शेअरबाजाराची वार्ता सांगण्यापूर्वीं तो घराचा जमाखर्च मागतो. मिळकत किती, कर्ज किती, अवलंबून असणारीं माणसें किती, मुलांच्या शिक्षणाला वर्षें किती उरलीं, हें पाहून तो अडीअडचणीची शिल्लक, पुरेसा विमा आणि मग गुंतवणूक असा क्रम लावतो. बाजार उद्यां चढेल कीं उतरेल हें त्यालाही ठाऊक नसतें. ठाऊक असल्याचा आव जो आणतो, त्याच्यापासून दूर राहणें बरें.

आतां मेहनतान्याचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणीं सल्ला फुकट मिळतो. पण तो देणारा, योजना विकल्याबद्दल कंपनीकडून दलाली घेत असतो. विक्री करणें हा कांहीं गुन्हा नाहीं, आणि कित्येक विक्रेते सचोटीनें वागतात. तथापि ज्या मालावर दलाली अधिक, तोच माल गिऱ्हाइकाच्या हिताचा आहे असें विक्रेत्याला वाटूं लागणें हा मनुष्यस्वभाव आहे. म्युच्युअल फंडांच्या शेअरविषयक योजनांत रक्कम भरतांनाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत कापून घेण्याची पद्धत होती. ‘सेबी’नें, म्हणजे भारतीय प्रतिभूति व विनिमय मंडळानें, ती १ ऑगस्ट २००९ पासून बंद केली. पुढें १ जानेवारी २०१३ पासून विक्रेत्यावांचून थेट गुंतवणूक करण्याचा मार्गही खुला झाला. त्यांत दलालीचा खर्च पडत नाहीं. हा फरक वरवर क्षुल्लक दिसतो. पण १० लाख रुपये २० वर्षें दरसाल १० टक्क्यांनीं वाढले तर त्यांचे सुमारें ६७ लाख होतात. ९ टक्क्यांनीं वाढले तर सुमारें ५६ लाख. एका टक्क्यापायीं ११ लाखांचें अंतर पडतें.

२०१३ सालीं सेबीनें गुंतवणूक-सल्लागारांसाठीं नियम केले. सल्लागारानें नोंदणी करावयाची, गिऱ्हाइकाच्या हिताला अग्रस्थान द्यावयाचें आणि त्याची जोखीम सोसण्याची शक्ति अजमावूनच सल्ला द्यावयाचा, असें त्यांत ठरलें. २०२० च्या दुरुस्तीनें सल्ला आणि विक्री यांची फारकत केली, आणि शुल्कालाही मर्यादा घातली. ठराविक शुल्क घेणाऱ्यासाठीं ती एका कुटुंबामागें वर्षाला १,२५,००० रुपये होती. पुढें ती १,५१,००० झाली. नोंदलेल्या सल्लागाराच्या क्रमांकाचा आरंभ ‘आयएनए’ या अक्षरांनीं होतो. म्युच्युअल फंडाच्या विक्रेत्याजवळ ‘एआरएन’ क्रमांक असतो. समोर बसलेला गृहस्थ या दोहोंपैकीं कोण आहे, हें एका प्रश्नानें कळतें, आणि त्याच्या नांवाची शहानिशा सेबीच्या यादींत करतां येते.

मात्र वृत्तपत्रांतून, नभोवाणीवरून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून सर्वांना उद्देशून बोलणारा तज्ज्ञ हा या दोहोंहून निराळा. सर्व जनतेला खुल्या असलेल्या वृत्तपत्रांतून, मासिकांतून किंवा प्रक्षेपणांतून दिलेल्या सल्ल्याचा २०१३ च्या नियमांनीं ‘गुंतवणुकीचा सल्ला’ या व्याख्येंत समावेश केला नाहीं. यांतील मर्म उघड आहे. बोलणारा विद्वान असेल, पण तो ऐकणाऱ्याचें घर ओळखत नाहीं. ‘शेअरांत पैसे दीर्घकाळ ठेवावे’ हें वाक्य २५ वर्षांच्या नोकरदार तरुणाला हिताचें ठरेल. पतीच्या विम्याच्या रकमेवर संसार रेटणाऱ्या विधवेला तेंच वाक्य घातक होऊं शकेल. जाहीर ज्ञानानें प्रश्न विचारण्याची बुद्धि येते, आणि तेवढ्यापुरतें तें मोलाचें आहे. त्यापलीकडे जाऊन नफ्याचीं आश्वासनें देणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हां २०२४ च्या ऑगस्टमध्यें सेबीनें आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना अशा लोकांशीं आणि नोंदणीवांचून सल्ला देणाऱ्यांशीं आर्थिक संबंध ठेवण्यास मनाई केली.

एवढें असूनही कांहीं हजारांचें शुल्क उघडपणें मोजून देणें लोकांच्या जिवावर येतें, आणि न दिसणारी दलाली वर्षानुवर्षें सुखानें दिली जाते. डोळ्यांसमोर खिशांतून जाणारा रुपया मोठा वाटतो. वाढीतून परस्पर गळून जाणाऱ्या लाखांची कोठें वाच्यताही होत नाहीं. सल्लागाराला शुल्क किती हें विचारण्यांत संकोच मानूं नये. त्याच प्रश्नाचें उत्तर जो लगेच आणि लेखी देतो, त्याच्यापुढें घराचा जमाखर्च उघडा करण्यास हरकत नाहीं.