१८९५ चा दस्त, २०३१ ची तारीख

पहाटे ५:३०
नांदेडचं बसस्थानक. लातूरची गाडी अजून फलाटाला लागलेली नाही. भैया बॅग दोन पायांत धरून चहा पितोय. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकापासून शेजारच्या पानवाल्यापर्यंत सगळे त्याला भैयाच म्हणतात. बॅग सात-आठ किलोची. त्यात स्क्रू ड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, रंगाचा दोन इंची ब्रश, दोन टीबीची नवी हार्ड डिस्क, लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह आणि सीआर-२०३२ सेलची पट्टी. नाण्याएवढा सेल. घाऊक घेतला तर वीस-पंचवीसला पडतो, बसवून चाळीसला जातो. मशीन बंद असताना आतलं घड्याळ ह्याच सेलवर चालतं.

५:५०
गाडी सुटते. तिकीट दोनशेच्या वर. येऊन-जाऊन पाचशेच्या आसपास. तो ते आधीच हिशोबात धरतो, गिऱ्हाइकाला सांगत मात्र नाही. "गाडीभाडं वेगळं म्हटलं की लोक कामाचे पैसे कापतात." लोहा येईपर्यंत तो झोपतो. अहमदपूरला खाली उतरून तोंड धुतो.

सकाळी ८:४४
चाकूर मागे पडलंय. भैया मोबाइलमधलं घड्याळ दाखवतो. "२०३८ ची १९ जानेवारी. मंगळवार येतो. सकाळी ह्याच टायमाला, ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. तिथं जुन्या मशीनचं मोजणं संपतं."

मोजणं असं. युनिक्सच्या घराण्यातले कॉम्प्युटर तारीख लिहीत नाहीत, सेकंद मोजतात. ग्रिनिचच्या वेळेनं १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री शून्य. त्याच्या पुढचे सेकंद अधिक, मागचे उणे. जुन्या पद्धतीत ह्या आकड्याला ३२ बिटांची जागा. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. पुढचा एक सेकंद पडला की आकडा उणे होतो आणि तारीख थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाते. लोक फक्त २०३८ चं बोलतात. भैयाला मात्र आज दुसऱ्या टोकाचं काम आहे, १९०१ च्या. मराठवाड्यात जमिनीचे कागद त्याच्याही मागचे निघतात.

९:१५
लातूर. स्टँडसमोर नाश्त्याला सुशीला तीस रुपये, चहा दहा. वर शेव जास्त मागून घेतो. ट्यूशन एरियापर्यंत रिक्षा चाळीस.

९:५०
क्लासचं पार्किंग. काल संध्याकाळी सहाच्या सुमारास एका पोराची सायकल गेली. कॅमेरे चार आहेत, रेकॉर्डर चालू आहे. पण कालची तारीख टाकली की पडदा कोरा. रेकॉर्डरच्या मते आज २ जानेवारी २००० आहे, दुपारचे १ वाजून ५ मिनिटं.

भैया झाकण काढतो. ब्रशनं धूळ झटकतो. सेलवर मल्टिमीटर लावतो. तीन व्होल्ट हवेत, काटा एकाच्याही खाली. सेल मेलेला असताना लाइट जाऊन आली, की यंत्र पुन्हा २००० सालच्या पहिल्या दिवसापासून मोजायला लागतं. इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय आहे. ती कुणी चालूच केलेली नव्हती.

नवा सेल लगेच बसवत नाही. आधी कागद-पेन काढतो. चुकलेलं घड्याळ हाच त्याचा धागा आहे, तो तोडायचा नाही. यंत्र सुरू होऊन ३७ तास ५ मिनिटं झाली. म्हणजे लाइट परवा रात्री पावणेनऊला आली. वॉचमन मान हलवतो, "हाव, जेवायलोच होतो." तिथून काल संध्याकाळच्या सहापर्यंत सव्वाएकवीस तास. म्हणजे शोधायचं १ जानेवारी २०००, रात्री सव्वानऊ.

आता गंमत. १ जानेवारी २००० डिस्कवर एकदाच नाही. लाइट जितक्यांदा गेली तितक्या एक जानेवाऱ्या. रात्री सव्वानऊच्या एका चित्रात टळटळीत दुपार आहे. दुसऱ्यात मिट्ट काळोख. तिसऱ्यात गुलमोहराची सावली भिंतीवर लांब पडलेली. "ही." सहाला सात मिनिटं कमी असताना निळ्या टी-शर्टातला एक जण सायकल ढकलत फाटकाबाहेर जातो. क्लिप पेनड्राइव्हवर. मग सेल, मग घड्याळ, मग इंटरनेटची वेळ. साडेचारशे रुपये. क्लासचे सर चारशे देऊ बघतात. भैया नुसता उभा राहतो. पन्नास येतात.

११:२०
कोर्टाच्या रस्त्यावर वकिलांचं ऑफिस. वकीलसाहेब कोर्टात. टेबलावर मुन्शीजी. वय साठीच्या पुढे, चष्मा दोरीला. "ये भैया. सकाळधरनं वाट बघायलोय."

कोपऱ्यात जुनं मशीन आहे. एका भाऊबंदकीच्या दाव्याचे सगळे कागद त्यात स्कॅन करून ठेवलेत. निजामाच्या काळातले उर्दू दस्त, १९५४ चं खासरा पत्रक, फेरफार, अलीकडचे सातबारे. आधीच्या माणसानं हौसेनं एक सोय करून दिली होती. प्रत्येक फाइलला स्कॅनची तारीख न ठेवता मूळ कागदाचीच तारीख चिकटवायची. मग एक बटण दाबलं की जुन्यापासून नव्यापर्यंत यादी छापून येते. मालकीची साखळी वाचायला बरी.

कागदावर निजामाच्या महसुली पंचांगातलं फसली साल असेल तर मुन्शीजी ५९० मिळवतात, आणि महिना बघून वर्ष पक्कं करतात. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा, हे इथल्या कुठल्याही मुन्शीला झोपेतही येतं. दाव्यातला सगळ्यात जुना दस्त १३०४ फसलीचा. इसवीत १ जून १८९५. गेल्या आठवड्यात मुन्शीजींनी तो चढवला, यादी छापली, दस्त पहिल्या नंबरावर. दुसऱ्या दिवशी लाइट गेली. मशीन पुन्हा सुरू केलं, यादी छापली, तर तोच दस्त सगळ्यात खाली. तारीख ८ जुलै २०३१.

मुन्शीजींचा जीव खालवर. "कुणी हात घातला का रे ह्यात?"

११:४५
त्यांना आधी धीर द्यायचा. दस्त स्कॅन झाला त्या दिवशी एक सीडी केली होती, ती वकीलसाहेबांच्या कपाटात सापडते. भैया दोन्हीकडच्या फाइलींचा हॅश काढतो. चौसष्ट अक्षरांची लांबलचक ओळ. पट्टी धरून मुन्शीजी एकेक अक्षर ताडून बघतात. सारखी. हॅश आतल्या मजकुरावरून निघतो, फाइलीवरच्या तारखेचा त्यात संबंध नाही. कागद तोच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हाच हॅश लिहावा लागतो, त्यामुळे हा शब्द मुन्शीजींना नवा नाही. ते पाणी पितात.

मग कारण. डिस्क ईएक्सटी३ पद्धतीची, प्रत्येक फाइलच्या नोंदीला १२८ बाइट. त्यात तारखेला ३२ बिट, बस. पण चालू मशीनच्या मेमरीत ६४ बिट. तारीख लिहिली तेव्हा मेमरीत १८९५ नीट बसलं आणि यादी तिथूनच छापली गेली. डिस्कवर उतरताना आकड्याचा मावेल तेवढाच तुकडा उतरला. लाइट गेली, मेमरी पुसली गेली, आणि पुढच्या वेळी मशीननं तो तुकडा वाचला. १३६ वर्षं आणि महिनाभर पुढे. चूक आदल्याच दिवशी झाली होती, ती दिसली लाइट गेल्यावर.

मला ह्यात तारखेपेक्षा हे गप्प राहणं जास्त खटकतं. नाही मावत, एवढं तरी म्हणावं.

दुपारी १:१०
डबा. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मुन्शीजी अर्धी भाकरी भैयाच्या ताटात टाकतात. एकीकडे नवी डिस्क लावून नवं लिनक्स चढतंय. डिस्क साडेपाच हजाराची, बिलासकट.

२:२०
जुनी डिस्क नव्या लिनक्सला जोडली, की नोंदवहीत एक ओळ उमटते: ह्या फाइलसिस्टीमच्या तारखा २०३८ पर्यंतच. हे बोलणं नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ ह्या कर्नलपासूनचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापासूनचं. दीपा दिनमणी ह्या प्रोग्रामरनं त्याचे बदल लिहिले. आर्न्ड बर्गमन बरीच वर्षं २०३८ च्याच कामामागे होते. तेव्हापासून प्रत्येक फाइलसिस्टीम आपली खालची आणि वरची हद्द कर्नलला सांगते. हद्दीबाहेरची तारीख आली तर कर्नल ती हद्दीवरच थांबवतं.

नवी डिस्क ईएक्सटी४ ची, नोंद २५६ बाइटची. तारखेला दोन बिट जादा, त्यामुळे वरची हद्द थेट १० मे २४४६. मुन्शीजी खूश. "मग १८९५ बसंल."

भैया काही बोलत नाही. फाइलीवरची तारीख बदलणारी टच आज्ञा देतो, १ जून १८९५. मशीन कुरकुरत नाही. यादी काढतो. १४ डिसेंबर १९०१, रात्रीचे २ वाजून ७ मिनिटं २ सेकंद.

जादा दोन बिट सगळे भविष्याकडे खर्च झालेत. मागची हद्द होती तिथेच. आणि तो २:०७ चा विचित्र आकडा? भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. त्याच्या आधीच्या क्षणांना कॉम्प्युटर मद्रासची वेळ लावतो, ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. सेकंदापर्यंत इतका चोख, आणि वर्ष सहा चुकलेलं.

भैया १८९८ चा आणि १९०० चा दस्तही टाकून बघतो. तिन्ही एकाच सेकंदाला जन्मलेले. गाडी शेवटच्या थांब्याला लागते, कंडक्टर सगळ्यांना तिथंच उतरवतो आणि पुढचं तिकीट काढलेल्याला काही बोलत नाही, तसलं हे. १३६ वर्षं उडी मारण्यापेक्षा बरं, इतकंच.

३:००
"दुसरी पद्धत नाय का?" आहेत की. विंडोजच्या एनटीएफएसचं मोजणं १६०१ सालापासूनचं. लिनक्सच्या बीटीआरएफएसला ६४ बिटांची जागा. दोन्हीत १८९५ आरामात बसतं. पण भैया खिशातला पेनड्राइव्ह काढतो. फॅट३२ चा, कोर्टात आणि झेरॉक्सवाल्याकडे चालतो तोच. तारखा जपून दस्त त्यावर कॉपी करतो. १८९५ चा, १९०७ चा, १९५४ चं खासरा पत्रक, सगळे १ जानेवारी १९८०. फॅटचं जग तिथून सुरू होतं आणि २१०७ ला संपतं. सेकंदही दोन-दोननं मोजतं.

"घरात कितीबी नीट ठेवा मुन्शीजी, दाराबाहेर पडलं की गेलं."

३:१५
मग साधं काम. तारीख फाइलीच्या नावातच लिहायची. फाइलीवरची तारीख स्कॅनची राहू द्यायची, ती खरी आहे. दोनशे चाळीस फाइली. मुन्शीजी लाल कापडाच्या बहीतून तारीख वाचतात, भैया टाइप करतो. मध्येच एका दस्तावर शाई पसरलेली, साल वाचता येत नाही. मुन्शीजी भिंग आणतात. १३०९ की १३०७? उर्दू वाचणारे चाचा उद्या येणार, पानामागे वीस रुपये घेतात. ती फाइल बाजूला.

चहा दोनदा. पंखा एकदा बंद पडतो. दीडशेव्या फाइलीला भैयाची बोटं आखडतात, तो ती कडाकडा मोडतो. उरलेल्या मुन्शीजी स्वतः करणार म्हणतात. जुनी डिस्क पाकिटात, वर पेनानं, "२०३८ पर्यंत, मागे १९०१. पुसू नये."

४:४०
डिस्कचे पैसे वेगळे. मजुरी दीड हजार. वकीलसाहेब कोर्टातून येतात, यादी बघतात, पाकिटातून पाचशेच्या तीन नोटा काढतात.

५:१०
लातूर स्टँड. दुकानावरच्या पोराचा फोन. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून फोटो काढलेत, पण सगळ्यांवर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच.

"ती तारीख नाही रे. शून्य आहे." कुणीतरी तारखेची जागा रिकामी सोडली. रिकाम्या जागेत शून्य, आणि ग्रिनिचचं शून्य आपल्याकडे साडेपाचला वाजतं. "फोटोच्या आत कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख असंल, ती काढ. नसंल तर नाही म्हण. आपल्या मनानं टाकू नको."

रात्री ८:३५
नांदेड, दुकान. पोराची रोजची मजुरी तीनशे पडते. भैया वही काढतो. आले एकोणीसशे पन्नास. गाडीभाडं चारशे नव्वद, रिक्षा चाळीस, खाणं-चहा पन्नास, सेल पंचवीस. पोराचे तीनशे वजा जाऊन एक हजार पंचेचाळीस. पाठीमागच्या पानावर दुसरी यादी आहे, गिऱ्हाइकांच्या जुन्या मशीनची. वकिलांच्या नावावर काट मारतो. एक दवाखाना, दोन पतसंस्था अजून बाकी. वीस वर्षांचं कर्ज २०१८ ला घेतलेल्याचा शेवटचा हप्ता २०३८ लाच येतो, म्हणून पतसंस्था आधी.

८:५०
मुन्शीजींचा फोन. "नावात फसली आधी लिहू का इसवी?"

"इसवी आधी. वर्ष, मग महिना, मग दिवस. फसली त्याच्या मागं."

"आन् जून म्हंजी सहा ना?"

"नुसता सहा नको. शून्य सहा. नाहीतर डिसेंबर जूनच्या वर चढंल."

पलीकडून बराच वेळ काही नाही. मग, "मी नुसते सहा-सात लिवलेत. पन्नासेक झालेत."

"राहू द्या. शनिवारी आहे मी लातूरला."