सांध्यांतील गंज

नेरूळनजीकचें सारसोळे हें खाडीकांठचें जुनें कोळ्यांचें गांव. तेथील धक्क्यावर आम्ही उभे राहिलों असतां खिळ्यांवर व सांखळ्यांवर चढलेला गंज सहज नजरेस पडला. गंज म्हणजे दमट, खाऱ्या हवेंत प्राणवायूनें लोखंडावर केलेली क्रिया होय. ज्या प्राणवायूवर आपण जगतों, तो आपल्या सांध्यांवरहि असाच उलटूं शकतो, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

आमवात हा केवळ झिजेचा विकार नव्हे. जंतूंचा नाश करण्यासाठीं रक्तांतील पांढऱ्या पेशी प्राणवायूचें एक दाहक रूप निर्माण करतात. आमवातांत हे रक्षक धन्यासच ओळखीनासे होतात आणि सांध्याच्या अस्तरावर तें शस्त्र चालवितात. सांध्यांतील वंगणासारखा दाट रस या दाहक प्राणवायूनें पातळ पडतो, हें जो मॅकॉर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७४ सालीं दाखविलें.

मग 'गंजरोधक' गोळ्या घेतल्या कीं झालें, असें कोणास वाटेल. परंतु त्यांनीं हा रोग आवरतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. उलट, ज्या उंदरांत हा दाहक प्राणवायु कमी निर्माण होतो, त्यांचा संधिदाह अधिकच तीव्र असतो, असें २००३ सालीं स्वीडनमधील संशोधकांस आढळलें. तात्पर्य, हा गंज रोगाचें एक अंग आहे, मूळ नव्हे.

पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें डॉ. अरविंद चोप्रा यांनीं १९९६ सालीं आरंभिलेल्या पाहणींत सुमारें २०० प्रौढांमागें एकास आमवात आढळला. स्त्रियांत तो पुरुषांच्या दुपटीतिपटीनें होतो व कित्येकींत बाळंतपणानंतरच्या वर्षांत डोकें वर काढतो. म्हणून आमची वडील मंडळींस विनंती आहे कीं, सुनेचीं बोटें सुजून रोज सकाळीं तासभर आखडत असतील, तर 'गार वारा लागला' म्हणून तिला गप्प बसवूं नये. हाडांची हानि बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. तत्पूर्वीं तज्ज्ञ गांठावा. मेथोट्रेक्सेट हें यावरील मुख्य औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यास तें जिवावर बेततें, आणि गर्भारपणीं तें वर्ज्यच आहे. धूम्रपानानें हा रोग होण्याचा संभव वाढतो, हें घरांतील पुरुषांनींहि ध्यानांत ठेवावें.

धक्क्यावरची सांखळी गंजली, तर नवी आणतां येते. वांकडें झालेलें बोट मात्र औषधानें पुन्हा सरळ होत नाहीं.