वाहनसेवेतील नवे यंत्र आणि जुने अणुव्रत

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील शहरांत उन्हाळ्याचा पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा मोटारीच्या बॅटरीवर, कूलंटवर व वातानुकूलन यंत्रणेवर मोठा ताण येतो. वाहनविक्रेत्यांच्या सर्व्हिस विभागास कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य येथे उपयोगी ठरते. मागील जॉबकार्डे, धावलेले किलोमीटर आणि ऋतू यांचा मेळ घालून कोणती गाडी केव्हा बोलवावी व कोणते सुटे भाग आधी मागवून ठेवावेत, याचा अंदाज संगणक बांधतो. ग्राहकास मराठीतून स्मरणही देतो. त्यामुळे ग्राहकाचा वेळ वाचतो आणि विक्रेत्याचे भांडवल नाहक अडकत नाही.

परंतु हे यंत्र नेमून दिलेल्या उद्दिष्टामागेच धावते. बिलाची रक्कम वाढविणे हेच उद्दिष्ट दिल्यास, आणखी काही महिने सहज टिकणारे ब्रेक पॅडही ते बदलावयास सुचवील. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरणे आणि अस्सलाच्या जागी नकली माल देणे यांचा समावेश आहे. अनावश्यक दुरुस्तीचा सल्ला हेही खोटे मापच होय.

यंत्राची शिफारस मेकॅनिकने प्रत्यक्ष गाडी पाहून पडताळावी, झिजलेला भाग ग्राहकास दाखवावा आणि त्याच्या होकारानंतरच काम हाती घ्यावे. ग्राहकाची माहिती वापरतानाही, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे, याचे भान असावे. अंदाज यंत्राने बांधावा. व्रत मात्र पेढीच्या मालकानेच पाळावयाचे आहे.