मित्राला सांवरणें, कीं त्याच्या व्यसनाला?

राम गणेश गडकऱ्यांचें 'एकच प्याला' हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. तें पाहणारा प्रेक्षक सुधाकराविषयीं हळहळतो, सिंधूसाठीं डोळे पुसतो, तळीरामाला दूषणें देतो. रामलालाचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. सुधाकरावर जीव टाकणारा हा सज्जन स्नेही. तरी मित्र शेवटीं बुडतोच. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वांट्याला ही रामलालाचीच भूमिका येते. अशा वेळीं स्नेह्यानें करावें तरी काय?

प्रथम माझी चूक सांगतों. माझा एक वर्गमित्र दारूमुळें कचेरींत जाण्याच्या स्थितींत नसे, तेव्हां 'त्याला ताप आला आहे' असा निरोप मीच देत असें. वाण्याची उधारी मींच फेडली. 'कामाचा ताण आहे, होईल सारें ठीक,' अशी वहिनींची समजूतहि मींच घातली. तीन वर्षें यालाच मी मैत्री म्हणत होतों. एके दिवशीं वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्यांना सांवरीत नाहीं, त्यांच्या दारूला सांवरतां." उत्तर देण्यास मला तोंड नव्हतें.

त्या दिवसापासून खोटे निरोप व उसने पैसे मीं बंद केले. सकाळीं, तो शुद्धीवर असतांना, एकांतांत त्याच्याशीं बोललों. उपदेश केला नाहीं, शपथ घातली नाहीं. 'सोमवारीं मुलीच्या बक्षीससमारंभाला तूं आला नाहींस. ती दाराकडे पाहत होती,' एवढेंच सांगितलें. मद्यासक्ति हा आजार आहे. धिक्कारानें तो बरा होत नाहीं, रोगी फक्त लपवूं लागतो. बरेच दिवसांनीं तो डॉक्टरांकडे येण्यास कबूल झाला.

येथें दोन गोष्टी वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवाव्या. रोज भरपूर पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडली, तर हात कांपतात, झोप उडते, फेफऱ्यासारखे झटके येतात. दोन-तीन दिवसांत भ्रमहि होऊं शकतो आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. म्हणून 'आजपासून थेंबहि नको' असा हट्ट घरींच धरूं नये. दारू तोडणें वैद्यकीय देखरेखीखालीं व्हावें. दुसरें, दारू सोडविणारें औषध चोरून भाजींत कालवूं नये. डायसल्फिरम घेतलेल्या मनुष्यानें मद्य घेतलें, तर वांत्या होतात, रक्तदाब उतरतो. रोग्याच्या संमतीनें, डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतलें तर तें औषध. चोरून दिलें तर जीवाला धोका आणि विश्वासाचा घात.

पुण्यांत डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं 'मुक्तांगण' सुरू केलें. तेथें रोग्याबरोबर त्याच्या कुटुंबाचाहि विचार होतो. त्यापूर्वीं, १९३५ सालीं, अमेरिकेंतील अॅक्रन शहरीं एक शेअरदलाल व एक शल्यवैद्य, दोघेहि मद्यासक्त, एकमेकांशीं मोकळेपणें बोलत बसले. त्यांतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. आज तिच्या सभा महाराष्ट्रांतहि भरतात.

माझा मित्र मध्यंतरीं एकदां घसरला. तेव्हां वाईट वाटलें, पण आजार उलटतो तसाच हाहि उलटला असें समजून आम्ही पुन्हां डॉक्टरांकडे गेलों. आतां त्याचे निरोप मी पोंचवीत नाहीं. दर गुरुवारीं सभेच्या दारापर्यंत मात्र त्याच्याबरोबर चालत जातों; आंत तो एकटा जातो.